कामावर जाणाऱ्या माणसाचे नैराश्य

तालुक्याच्या गावातील एका बँक शाखेचे उदाहरण घेऊ. कर्ज विभागात पंधरा वर्षे काम केलेला एक अधिकारी आहे. पीककर्जाच्या नूतनीकरणाची फाइल तो पूर्वी वीस मिनिटांत हातावेगळी करत असे. सातबारा पाहायचा, आठ-अ पाहायचा, मागील वर्षाची परतफेड तपासायची, टिपण लिहायचे आणि सही करून फाइल पुढे पाठवायची, एवढेच ते काम. गेल्या दीड महिन्यापासून तीच फाइल त्याच्यासमोर तास-दीड तास उघडी पडलेली असते. सातबाऱ्यावरील क्षेत्र वाचून टिपणाकडे वळेपर्यंत तो आकडा विसरलेला असतो, म्हणून पुन्हा वाचतो. सही करताना काहीतरी चुकले आहे अशी शंका येते, म्हणून फाइल बाजूला ठेवतो. संध्याकाळपर्यंत अशा अकरा फाइली साठतात. "हल्ली तुमचे लक्ष कुठे असते?" असे शाखाधिकारी विचारतात, आणि त्याला स्वतःलाही तोच प्रश्न पडलेला असतो. हा माणूस रडत नाही, कोणाजवळ दुःख बोलून दाखवत नाही, वेळेवर येतो आणि सर्वांच्या शेवटी जातो. त्याला नैराश्याचा आजार झाला असेल, अशी शंका शाखेत कोणालाही येत नाही आणि त्यालाही येत नाही.

उदाहरण काल्पनिक आहे. मात्र ज्यांनी बँकेत, शाळेत, सरकारी कचेरीत किंवा कारखान्यात वर्षे काढली आहेत, त्यांना अशी एखादी व्यक्ती नक्की आठवेल. नैराश्य म्हटले की अंधाऱ्या खोलीत एकटा बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो आणि तेथेच आपली गल्लत होते. या आजाराने ग्रासलेली असंख्य माणसे रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडतात, बायोमेट्रिकवर बोट ठेवतात आणि आपल्या जागी जाऊन बसतात. नोकरी करता करता या आजारातून बाहेर कसे पडता येते, ते या लेखात सांगायचे आहे.

आधी आजार नीट समजून घेऊ. निदान करताना डॉक्टर प्रामुख्याने नऊ लक्षणे विचारात घेतात: मन सतत उदास असणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न उरणे, झोप बिघडणे किंवा फार वाढणे, भूक आणि वजन यांत बदल होणे, सतत थकवा वाटणे, हालचाल आणि बोलणे मंदावणे किंवा उलट एका जागी स्वस्थ बसता न येणे, आपण निरुपयोगी किंवा अपराधी आहोत असे वाटणे, लक्ष एकाग्र न होणे व साधे निर्णयही घेता न येणे, आणि मरणाचे विचार येणे. यांपैकी किमान पाच लक्षणे जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे टिकली, त्यांत पहिल्या दोहोंपैकी निदान एक असले आणि त्यामुळे रोजचे जगणे अडू लागले, तर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. बढती हुकली किंवा वरिष्ठ चारचौघांत बोलले, तर कोणालाही वाईट वाटते. पण त्या दुःखात मधूनच एखादी चांगली बातमी आली की मन थोडे तरी सावरते. नैराश्यात चांगली बातमी कानांवर पडते, मनापर्यंत पोहोचत नाही.

आता हीच यादी कामाच्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावी. एकाग्रता, निर्णयशक्ती, उत्साह आणि कामाचा वेग यांच्याच बळावर माणूस आपले काम करत असतो आणि हा आजार नेमका त्यांनाच बोथट करतो. एवढ्यावर तो थांबत नाही. अपराधी वाटणे हेही त्याचेच एक लक्षण असल्यामुळे, काम मागे पडले की "दोष माझाच आहे, मीच आळशी झालो आहे" असे रुग्णाचे मन त्याला सांगत राहते. ज्याला ताप आहे तो माणूस तापाला दोष देतो. ज्याला नैराश्य आहे तो स्वतःला दोष देतो. म्हणूनच हे रुग्ण रजा मागत नाहीत. ते उशिरापर्यंत थांबतात, रविवारी फाइली घरी नेतात, आणि थकवा वाढल्यामुळे सोमवारी आणखी मागे पडतात. आळशी माणसाला काम टाळल्यावर बरे वाटते, तर या माणसाला काम राहिल्याचा विचार रात्री झोपू देत नाही. कामचुकारपणा आणि आजार यांतील एवढा एक फरक जरी वरिष्ठांच्या लक्षात राहिला, तरी पुष्कळ नुकसान टळेल असे मला वाटते.

आपल्याकडे हा आजार शरीराच्या भाषेत अधिक बोलतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. "मी निराश आहे" असे फार थोडे लोक म्हणतात. "अंगात त्राण नाही", "डोके जड असते", "छातीत धडधडते", "ॲसिडिटी काही केल्या जात नाही", "नकोसे वाटते सगळे" असे ते म्हणतात. पुरुषांत तर पुष्कळदा चिडचिड हेच पहिले चिन्ह असते; ग्राहकावर आवाज चढतो, शिपायावर विनाकारण ओरडले जाते, घरी मुले वडिलांच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत. अशा तक्रारी घेऊन माणूस आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेला तर ते योग्यच आहे, कारण थायरॉइडचे काम मंदावणे, रक्तक्षय किंवा शाकाहारी लोकांत वारंवार आढळणारी जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता यांमुळेही असाच थकवा आणि असाच उदासपणा येऊ शकतो. त्या तपासण्या अवश्य कराव्यात. मात्र सर्व अहवाल चांगले आले म्हणजे "तुम्हाला काही झालेले नाही" असा अर्थ काढू नये. उलट तेथून पुढे मनाचा विचार सुरू व्हायला हवा. त्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते आणि ती मराठीतही उपलब्ध आहे. तिचे नाव पीएचक्यू-९. मागील दोन आठवड्यांत प्रत्येक लक्षण किती वेळा जाणवले याला ० ते ३ गुण द्यायचे असतात. एकूण २७ पैकी १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर डॉक्टरांना भेटणे गरजेचे समजावे. ही प्रश्नावली निदान करत नाही. पण "मी उगाचच बाऊ करतो आहे का?" या शंकेत महिने घालवणाऱ्या माणसाच्या हाती ती एक ठोस आकडा देते.

हा आजार विरळा नाही. बंगळुरूच्या 'निम्हान्स' या संस्थेने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशात साधारण २० प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते, आणि निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे नैराश्य आणि चिंता या दोन आजारांमुळे जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात.

नोकरीमुळे नैराश्य येते का, हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. प्रामाणिक उत्तर असे की केवळ नोकरीमुळे असे सहसा होत नाही. आनुवंशिकता, बालपणीचे आघात, घरातील ताण, कर्ज, शारीरिक आजार अशी अनेक कारणे एकत्र येतात. तरीही काही प्रकारचे काम मनाला अधिक पोखरते. रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने १९७९ साली मांडलेली कल्पना येथे उपयोगी आहे. कामाची मागणी मोठी आणि ते काम कसे करावे यावर माणसाचा ताबा मात्र अगदी थोडा, ही जोडी सर्वांत घातक असते. आपल्या बँक अधिकाऱ्याचेच पाहा. मार्चअखेर किती वसुली झाली पाहिजे हे वरून ठरते. पाऊस पडेल की नाही आणि सोयाबीनला भाव मिळेल की नाही हे त्याच्या हातात नसते. आणि दोहोंच्या मध्ये शेतकऱ्याच्या दारात त्यालाच उभे राहायचे असते. अशा जागी काम करणाऱ्या माणसाला "मन खंबीर ठेवा" असे सांगणे पुरेसे नाही, कामाची रचनाही तपासली पाहिजे.

कामाने आलेला शीण आणि नैराश्य यांत गल्लत होते, म्हणून थोडे स्पष्ट करतो. इंग्रजीत ज्याला बर्नआउट म्हणतात त्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात केली आहे, मात्र आजार म्हणून न करता कामाच्या ठिकाणची एक अवस्था म्हणून. पार गळून जाणे, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन अंगे आहेत. दोहोंतील फरक दिवाळीच्या रजेत कळतो. केवळ कामाने शिणलेला माणूस गावी गेला, चार दिवस झोपला, भाच्यांशी खेळला की त्याला जुना आनंद सापडतो आणि कामावर परतायच्या आदल्या रात्री पोटात पुन्हा गोळा येतो. नैराश्य असलेल्या माणसाला गावी जाऊनही फराळाची चव लागत नाही. अर्थात दीर्घकाळचा शीण पुढे नैराश्यात बदलू शकतो, म्हणून त्याकडेही दुर्लक्ष करणे बरे नाही.

उपचारांचे दोन मुख्य मार्ग आहेत, औषधे आणि संवादावर आधारलेले मानसोपचार. मध्यम ते तीव्र आजारात दोन्ही एकत्र दिले जातात. औषधांविषयी नोकरदार माणसाला तीन गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात. पहिली, नैराश्यावरील गोळ्यांचा परिणाम दिसू लागायला साधारण दोन ते चार आठवडे आणि पूर्ण परिणामासाठी सहा ते आठ आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता किंवा गुंगी यांसारखे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होऊ शकतात. म्हणजे सुरुवातीचे काही दिवस गोळीचा त्रास दिसतो आणि गुण दिसत नाही, आणि नेमक्या त्याच काळात बरेच लोक "हे आपल्याला मानवत नाही" म्हणून औषध सोडून देतात. दुसरी, बरे वाटू लागल्यावरही औषध साधारणपणे आणखी सहा ते नऊ महिने चालू ठेवावे लागते. ही औषधे दारूसारखे व्यसन लावत नाहीत, पण एकाएकी बंद केल्यास चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने असे त्रास होतात, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करायची असतात. तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे. आपण नेमके काय काम करतो हे डॉक्टरांना सविस्तर सांगावे. एमआयडीसीत प्रेस मशीनवर उभा राहणारा कामगार, एसटीचा चालक, रात्रपाळीची परिचारिका आणि दिवसभर खुर्चीत बसणारा लेखापाल यांना एकच गोळी एकाच वेळी घेऊन चालेलच असे नाही.

संवादोपचारांपैकी एका पद्धतीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ती आपल्या शेजारीच पारखली गेली आहे आणि कामाच्या दिवसाला तिचा थेट उपयोग होतो. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने एक प्रयोग केला. मानसशास्त्राचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या सामान्य लोकांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमण्यात आले. नैराश्याची लक्षणे बरीच तीव्र असलेल्या सुमारे ५०० रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत या समुपदेशकांबरोबरची सहा ते आठ सत्रे मिळाली, उरलेल्यांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील ६४ टक्के रुग्णांचे प्रश्नावलीतील गुण दहाच्या खाली आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले.

त्या सत्रांमागचा विचार साधा आहे. "मन लागले की काम करीन" असे आपण सगळेच म्हणतो. नैराश्यात मन लागत नाही, म्हणून माणूस एकेक गोष्ट सोडत जातो: आधी संध्याकाळचे फिरणे, मग मित्राचा फोन, मग सहकाऱ्यांबरोबर डबा खाणे. प्रत्येक गोष्ट सुटताना तेवढ्यापुरते हायसे वाटते, पण त्या गोष्टींतून मिळणारे लहान लहान समाधानही बंद होते आणि मन आणखी खचते. हे चक्र मनाकडून तोडता येत नाही, कारण आजारी तर मनच आहे. ते कृतीकडून तोडावे लागते. म्हणून समुपदेशक रुग्णाबरोबर बसून दिवसाचा एक लहानसा कार्यक्रम लिहितो आणि ठरलेल्या वेळी, मन असो वा नसो, ठरलेली कृती करायची असा प्रयत्न सुरू होतो. आनंद नंतर येतो, आणि सुरुवातीला फार थोडा येतो.

हेच तत्त्व त्या बँक अधिकाऱ्याच्या टेबलावर कसे लागू करायचे ते पाहू. "आज साठलेल्या सगळ्या फाइली संपवायच्या" हा निश्चय नैराश्यात हमखास मोडतो आणि मोडला की अपराधीपणा वाढतो. त्याऐवजी, साडेअकरा वाजता एक फाइल उघडायची आणि फक्त सातबाऱ्यावरील क्षेत्र व बोजा कागदावर उतरवायचा, एवढेच ठरवावे. ते झाले की पाच मिनिटे उठावे. मग परतफेडीचा उतारा पाहावा. एका फाइलचे असे चार तुकडे पडले की स्मरणावरचा भार कमी होतो, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर कागदावर असते. चूक झाल्याची शंका सतत छळत असेल, तर तपासणीच्या पाच मुद्द्यांची एक यादी कायमची टेबलाच्या काचेखाली ठेवावी, प्रत्येक मुद्द्यावर एकदाच खूण करावी आणि खुणा पूर्ण झाल्या की सही करावी, मनात कितीही शंका असली तरी. निर्णय मनावर सोपवण्याऐवजी यादीवर सोपवणे ही या काळातील मोठी सोय आहे.

नैराश्यात पुष्कळांना सकाळ सर्वांत जड जाते आणि दुपारनंतर थोडे हलके वाटते. आपला कल असा आहे का, हे आठवडाभर दर दोन तासांनी मनाच्या अवस्थेला दहापैकी गुण देऊन पाहावे, आणि शक्य असेल तेथे अवघड काम त्यातल्या त्यात बऱ्या तासांत ठेवावे. नोंदी घालणे, पत्रे फोडणे, जुने कागद लावणे यांसारखी डोक्याला कमी ताण देणारी कामे जड तासांत करावीत. जेवणाची सुट्टी टेबलावरच मोबाइल पाहत घालवू नये. चार सहकाऱ्यांत जाऊन बसावे. बोलण्याची सक्ती नाही, नुसते बसले तरी पुरते. रात्री झोप कितीही वाजता लागली तरी सकाळी उठण्याची वेळ बदलू नये, कारण रविवारी दुपारपर्यंत झोपून राहिले की रविवारची रात्र जागी जाते. दिवसाच्या उजेडात अर्धा तास चालणे औषधाची जागा घेत नाही, पण औषधाला साथ देते. आणि "थोडी घेतली की झोप लागते" हा समज सोडून द्यावा. दारूने झोप लागते ती तुटक असते, दुसऱ्या दिवशी मन अधिक उतरते आणि औषधांशी तिचे पटत नाही.

या काळात आयुष्यातील मोठे निर्णय पुढे ढकलावेत, यावर मी विशेष भर देईन. आजार ऐन भरात असताना राजीनामा देणे, बदली नाकारणे, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज करणे हे निर्णय त्या वेळी अगदी तर्कशुद्ध वाटतात. पण "मला काही जमत नाही" आणि "पुढेही जमणार नाही" ही दोन वाक्ये आजाराने लिहिलेली असतात. नोकरी खरोखरच सोडण्याजोगी असेल, तर ती तीन महिन्यांनी, मन सावरल्यावरही सोडता येते. याला अपवाद एकच, कामाच्या ठिकाणी छळ किंवा धोका असेल तर तेथून दूर होणे हाच उपचाराचा भाग असतो.

रजा घ्यावी का? झोप पूर्ण उडाली असेल, कामातील चुकीने कोणाच्या जिवाला धोका असेल, औषधाची गुंगी फार असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर रजा घ्यावीच. इतरांच्या बाबतीत मात्र लांबलचक रजा दुधारी ठरते. घरी बसलेल्या माणसाचा दिवस आकारहीन होतो, लोकांशी येणारा संबंध तुटतो, आणि "आता परत कोणत्या तोंडाने जाऊ?" ही भीती दर आठवड्याला वाढत जाते. म्हणून रजेवर जातानाच परतीची साधारण तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवावी आणि परतताना पहिले एक-दोन आठवडे कमी तास किंवा कमी जबाबदारी मागावी. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या कामगारांना विमा रुग्णालयाच्या किंवा दवाखान्याच्या प्रमाणपत्रावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो. पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असावी लागते. ती असेल तर मानसिक आजारपणासाठीही हा हक्क वापरावा.

कोणाला सांगावे, किती सांगावे, हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे. आजार जाहीर करण्याचे बंधन कोणावर नाही, आणि प्रत्येक कचेरी तितकी समंजस असतेच असे नाही, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. माझे मत असे की सगळ्यांना सांगण्याची गरज नसते, पण कोणालाच न सांगणे महागात पडते, कारण खरे कारण ठाऊक नसले की लोक स्वतःच एखादे कारण शोधतात आणि ते बहुधा वाईट असते. आपल्या कामाचे वाटप करणाऱ्या एका व्यक्तीशी, तिच्या सवडीने, दार लावून, थोडक्यात बोलावे. रोगाचे नाव सांगायचे नसेल तर सांगू नये. मागणी मात्र स्पष्ट असावी. उदाहरणार्थ: "साहेब, माझी तब्येत दोन महिन्यांपासून बरी नाही, उपचार सुरू केले आहेत. डॉक्टरांनी सांगितले आहे की सहा-आठ आठवड्यांत फरक पडेल. तोपर्यंत वसुलीच्या दौऱ्यांऐवजी मला शाखेतील काम द्याल का? आणि तोंडी सांगितलेले लक्षात राहत नाही, तेवढे चिठ्ठीवर लिहून दिलेत तर बरे होईल." यात दया मागितलेली नाही, मुदत सांगितली आहे आणि दोन करता येण्याजोग्या गोष्टी मागितल्या आहेत. वरिष्ठाला नकार देणे अवघड आणि होकार देणे सोपे व्हावे, अशीच मागणीची रचना असावी.

कायदाही पाठीशी आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजारी व्यक्तीला उपचारांचा आणि गोपनीयतेचा हक्क आहे, आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांच्या उपचारांनाही विम्याचे संरक्षण दिले पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. नैराश्याच्या प्रत्येक रुग्णाला दिव्यांगत्वाचा दर्जा मिळतो असे नाही; पण आजार तीव्र आणि दीर्घकालीन असेल, तर सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये असे म्हटले की मानसिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीवर त्या आजाराशी निगडित वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई सुरू करणे हा अप्रत्यक्ष भेदभावाचाच प्रकार आहे. ज्यांच्या टेबलावर 'कामात हलगर्जी' अशी कारणे दाखवा नोटीस तयार होत असते, त्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

वरिष्ठ आणि सहकारी यांनी काय करावे? निदान करू नये, उपदेश करू नये. "सगळे तर आहे तुमच्याकडे, मग डिप्रेशन कसले?" हे वाक्य चांगल्या हेतूने म्हटले जाते आणि माणसाला आणखी एकटे पाडते. त्यापेक्षा दिसलेला बदल सांगावा: "गेले महिनाभर तुम्ही जेवायला येत नाही, फाइलीही अडकत आहेत. पूर्वी असे नव्हते. तब्येत ठीक आहे ना?" आणि मग गप्प राहून ऐकावे. कामाची यादी छोटी करून द्यावी, आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे विचारपूस करावी, जे काम पूर्ण झाले त्याची नोंद घ्यावी. सगळे काम काढून घेणे मात्र टाळावे. ज्याच्याकडून सारे काढून घेतले जाते, त्याला आपण निरुपयोगी आहोत याचा पुरावाच मिळतो.

बोलताना "मी नसलो तर बरे होईल", "आता माझ्याकडून कोणाला त्रास होणार नाही" अशी वाक्ये आली, किंवा माणूस अचानक आपली देणी-घेणी आवरू लागला, निरोप घेतल्यासारखा बोलू लागला, तर आत्महत्येचा विचार मनात येतो का, असे त्याला थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जाईल ही भीती निराधार आहे. विचारल्याने बहुधा सुटकाच वाटते. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना कळवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. तातडीचा धोका असेल तर ११२ वर फोन करावा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. संकट नसतानाही, केवळ "मला डॉक्टरकडे जायला हवे का?" एवढे विचारण्यासाठीही तेथे फोन करता येतो. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत आणि गोव्यात बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागही चालतो. तेथे तपासून घेणे म्हणजे भरती होणे असे नाही.

बरे होणे सरळ रेषेत होत नाही. चार दिवस चांगले जातात, पाचव्या दिवशी पुन्हा फाइल समोर पडून राहते आणि सगळे वाया गेले असे वाटते. खरे तर आठवड्यांची तुलना आठवड्यांशी केली तरच प्रगती दिसते. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना ते पुढे कधीतरी पुन्हा येते. म्हणून बरे असतानाच आपल्या आजाराची पहिली चिन्हे कागदावर लिहून ठेवावीत, आणि एक प्रत घरातील विश्वासाच्या माणसाकडे द्यावी. त्या बँक अधिकाऱ्याच्या कागदावर बहुधा असे असेल: एकच सातबारा तीनदा वाचावा लागणे; डबा एकट्याने खावासा वाटणे; पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे. यांपैकी दोन गोष्टी आठवडाभर सलग दिसल्या तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा, हेही त्याच कागदावर लिहावे, कारण त्या दिवशी काय करावे हे ठरवण्याची ताकद पुन्हा कमी झालेली असेल.